दिलीप सरांची उलटतपासणी

माझ्या आईची बोटं कधी गप्प बसत नसत. उपनगरातल्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात ती टायपिस्ट होती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून काय वाटेल ते बोलायचा, साहेब ते नीट वाक्यात बसवून सांगायचे आणि आई खडखड खडखड कागदावर उतरवायची. दिवसभर हेच. मग घरी आली तरी बोटांना सुट्टी झाल्याचं कळायचंच नाही. भात शिजेपर्यंत ओट्याच्या कडेवर टायपिंग, मला झोपवताना माझ्या पाठीवर टायपिंग, रविवारी देवळात पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकावर टायपिंग. पाठीवरच्या बोटांवरून काय लिहिलं जातंय ते ओळखायचा मी प्रयत्न करायचे. एकदा विचारलंच, तर म्हणाली, "आज एकाने शपथेवर सांगितलं की कुत्रा चावला तेव्हा तो गाढ झोपेत होता, पण कुत्र्याचा रंग मात्र त्याला पक्का आठवतो. तेच लिहीत होते गं."

आम्ही मुलुंडला तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, बाहेर लांब गॅलरी. बाबा मी सात वर्षांची असताना गेले, तेव्हापासून घरात आई आणि मी. अख्ख्या इमारतीत ख्रिस्ती घर आमचं एकच. समोरच्या दारात परब काकू. परब काका पूर्वी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ठाण्याला एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन झाले. काकूंचं माहेर मालवणकडचं. त्या मुंबईत तीस वर्षं राहिल्या, पण बोलल्या मालवणीच. त्यांच्या देव्हाऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती इतके देव होते, तरी आमच्या येशूबद्दल त्यांना वेगळीच आपुलकी. प्रत्येक घराचा आपला देव असतो आणि शेजारणीच्या देवाचा मान सांभाळणं हे शेजारणीचं काम, असा त्यांचा साधा हिशेब. नाताळात आमच्या दाराला चांदणी लावायला त्या स्टुलावर चढायच्या, आणि ती तिरकी लागली की आम्हालाच ओरडायच्या.

रविवारी उपासनेहून आलो की मटण. कोपऱ्यावरचा खाटीक "आत्ताच देवनारहून आलंय, ताई" असं छातीवर हात ठेवून सांगायचा आणि आई त्याच्याकडे पढवलेल्या साक्षीदाराकडे बघावं तशी बघायची. आईचं माहेर नगरकडचं. खोबरं आणि कांदा विस्तवावर थेट भाजून, पाट्यावर वाटून ती काळा रस्सा करायची. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. काकू वाटी घेऊन यायच्या नाहीत, सरळ ताट घेऊनच यायच्या. आता माझ्याकडे मिक्सर आहे, गॅसवर जाळी ठेवून कांदाही भाजते, पण तो वास येत नाही. मुलगा म्हणतो, आई, तुझ्या नाकाचं वय झालं. असेलही.

या घरात दिलीप सर शिरले ते माझ्या डोक्यातून. आमच्या देवळामागच्या हॉलमध्ये शनिवारी तरुणांचा अभ्यासवर्ग चालायचा आणि तो ते घ्यायचे. वय सव्वीस-सत्तावीस. औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. पांढरा शुभ्र शर्ट, बाह्यांच्या मोजून दोन घड्या. आवाज असा की नुसतं "बसा" म्हणाले तरी काहीतरी शिकल्यासारखं वाटायचं. मी सोळा वर्षांची होते, म्हणजे मला काय काय वाटायचं ते इथे लिहायची गरज नाही. ईस्टरच्या आठवड्यात सर म्हणाले की येशूची शिकवण एवढी मोठी आहे की तिला चमत्कारांच्या कुबड्या लागत नाहीत. तो थोर माणूस होता, देव नव्हता. कबरेतून उठला म्हणजे त्याचे विचार शिष्यांच्या मनात उठले. "पुनरुत्थान हे प्रतीक आहे," ते म्हणाले. मी वहीत 'प्रतीक' हा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या महिन्यात माझं दृढीकरण होतं. तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी आपल्या वतीने दिलेलं वचन मोठेपणी स्वतःच्या तोंडाने द्यायचा हा विधी. बिशपसाहेब येतात, सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात. आईने पांढऱ्या साडीसाठी कापडबाजारात दोन चकरा मारल्या होत्या. अशा वेळी एका संध्याकाळी, ती तांदूळ निवडत असताना, मी घसा साफ करून म्हणाले, "खरं तर, आई, येशू हा एक थोर समाजसुधारक होता. मी दृढीकरण घेणार नाही."

ताटाच्या कडेवरचं टायपिंग थांबलं. एवढं शांत घर मी कधी ऐकलं नव्हतं.

"हे कोणाचं वाक्य आहे?" आईने विचारलं.

"कोणाचं म्हणजे? माझं. मला स्वतःला वाटतं."

"स्वतःला वाटलेलं वाक्य 'खरं तर'ने सुरू होत नाही, बाळा. वीस वर्षं टाइप करतेय. हे पढवलेलं आहे." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "कोणी पढवलं?"

"दिलीप सरांनी," मी म्हणाले, तेवढ्यात गॅलरीतून काकू आत आल्या. आमच्याकडे दार लावायची पद्धत नव्हती, त्यामुळे कान लावायचीही गरज पडत नसे.

"काय गो सरोज? कोण म्हणता येशू देव नाय म्हणान?"

"करुणाचे सर म्हणतात," आई म्हणाली.

"तो खंयचो कोण?" काकूंनी कमरेला पदर खोचला. "पंधरा वर्सां मी नाताळचो केक खातंय. देव नाय, तर मगे मी परसाद कोणाचो खाल्लंय? समाजसुधारकाचो?"

आई हसली नाही. पण तिची बोटं पुन्हा सुरू झाली. "करुणा," ती म्हणाली, "येत्या रविवारी सरांना जेवायला बोलाव."

मी घाबरले आणि खूशही झाले. सर आपल्या घरी जेवणार! आई दोन वाक्यांत गप्प होणार याची मला खात्री होती. आई अकरावी शिकलेली, सर एमएस्सी. शनिवारी मी गॅलरी घासून धुतली.

रविवारी सर बिस्किटांचा पुडा घेऊन आले. आईने त्यांना पाट दिला, आम्ही बाकीच्या सतरंजीवर. काकू आपलं ताट घेऊन अगदी त्यांच्या समोर बसल्या. आई वाढत होती. पहिली भाकरी संपेपर्यंत ती फक्त कारखान्याची, पगारवाढीची, नाहूरला भाड्याने घेतलेल्या त्यांच्या खोलीची चौकशी करत राहिली. मग म्हणाली, "सर, मला वाद घालता येत नाही. मी आपली टाइप करणारी बाई. एकदोन प्रश्न विचारू का?"

"विचारा की, मावशी."

"येशू चांगला माणूस होता, हे तुम्हाला मान्य?"

"अगदी. सर्वांत चांगला."

"पण देव नाही."

"त्याची गरजच काय? प्रेम करा, क्षमा करा, एवढं पुरेसं नाही का?"

"क्षमा करा," असं म्हणत आई त्यांना रस्सा वाढायला वाकली, आणि पळीभर काळा रस्सा सरांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशाखाली, सांडला. मी किंचाळलेच. सर उडी मारून उठले. काकूंनी जागचं न हलता हात वर केला आणि आशीर्वाद दिल्यासारखं म्हणाल्या, "असू दे गो सरोज. मी तुका माफ केलंय."

"तुम्ही कोण माफ करणार?" सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. "शर्ट माझा आहे!"

"हो ना," आई पळी हातात धरून अगदी शांतपणे म्हणाली. "शर्ट ज्याचा, माफी त्यानेच द्यायची. मग सर, बायबलातल्या त्या खाटेवरून आणलेल्या लुळ्या माणसाला येशू म्हणाला, तुझ्या पापांची तुला क्षमा झाली आहे. त्या माणसाने येशूचं काहीच बिघडवलं नव्हतं. त्याने पाप केलं दुसऱ्यांचं आणि देवाचं. मग येशू मध्येच कोण माफ करणारा? लोकांनी तिथल्या तिथे हेच विचारलं. नुसता चांगला माणूस असता तर म्हणाला असता, जा बाबा, ज्याचा शर्ट खराब केलास त्याची माफी माग. हा म्हणतो, मी केली. म्हणजे एक तर हा फार आगाऊ माणूस, नाहीतर शर्ट त्याचाच."

सर शर्टाकडे बघत राहिले, मग आईकडे. "मावशी, तुम्ही हे मुद्दाम केलंत!"

"शपथेवर सांगू?" आईने विचारलं. तिने ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी तिला ती सत्तर वर्षांची असताना पुन्हा विचारलं, तेव्हाही म्हणाली, पळी जड होती.

काकूंनी सरांचा शर्ट काढून साबणाच्या पाण्यात टाकला आणि परब काकांचा एक शर्ट आणून दिला. तो लिफ्टमनच्या गणवेशाचा निघाला. खाकी, खांद्यावर पट्ट्या, आणि सरांच्या अंगात आणखी एक सर मावतील इतका ऐसपैस. त्या शर्टात ते पुन्हा पाटावर बसले तेव्हा माझ्या मनातल्या बऱ्याच गोष्टी एकदम जागेवर आल्या. पण माणूस खिलाडू होता. त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली आणि म्हणाले, "बरं, ते बाजूला ठेवा. मी प्रयोगशाळेतला माणूस. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते मी मानत नाही. मेलेला माणूस उठल्याचं मला पुन्हा करून दाखवा."

"चोरी पुन्हा करून दाखवता येते का?" आई म्हणाली. "आमच्याकडे चोराला कोणी म्हणत नाही, बाबा, परत एकदा चोर, म्हणजे आम्ही मानू. एकदाच घडलेल्या गोष्टीला साक्षीदार लागतात."

"साक्षीदारच तर जुळत नाहीत! चार शुभवर्तमानं, चार हकिकती. एकात एक देवदूत, दुसऱ्यात दोन. कबरेकडे किती बायका गेल्या, त्याचाही मेळ नाही."

आईचा चेहरा एकदम उजळला. आपल्या कामाचं कोणी तिला इतक्या वर्षांत काही विचारलं नव्हतं. "सर, चारही जबान्या शब्दाला शब्द जुळल्या असत्या, तर मीच पहिली म्हटलं असतं, वकिलाने बसवून पाठ करून घेतलंय. खऱ्या माणसांची गोष्ट एक असते, बारीकसारीक वेगळं असतं. एकाला दिवा आठवतो, दुसऱ्याला दार. आणि खोटं रचणारा स्वतःला नेहमी शूर लिहितो. इथे सगळे शिष्य पळून गेलेले. त्यांच्यातला पेत्र तर एका मोलकरणीला घाबरून म्हणाला, मी त्याला ओळखतच नाही. लपवलं का हे? आणि कबर रिकामी पहिल्यांदा कोणी बघितली? बायकांनी. त्या काळात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. शिष्यांना सांगायला गेल्या तर त्यांनीही म्हटलं, बायका काहीतरी बरळतायत. रचायचंच होतं तर एखादा वजनदार गृहस्थ उभा केला नसता?"

"आणि आता तरी खंय आसा किंमत?" काकू हाड चोखता चोखता म्हणाल्या.

सर थोडे सावरून बसले. खांद्यावरच्या पट्ट्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. "ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांना भास झाला. जवळचं माणूस गेलं की होतो."

"भास म्हणजे भूत मां?" काकूंनी विचारलं.

"तसंच समजा."

"मगे ह्या भुतान काय केल्यान?"

आईने त्यांना सांगितलं. शिष्य रात्रभर तळ्यात जाळी टाकून रिकाम्या हाताने परतले होते. पहाटे तो काठावर उभा होता. निखारे पेटवून त्याने मासे भाजले, भाकर ठेवली, आणि त्यांना न्याहारीला बोलावलं.

काकूंचा घास हातातच राहिला. "मासे भाजल्यान? तेणा स्वतः? आणि तेंका वाढल्यान?"

"हो."

"मगे भूत नाय," काकूंनी निकाल दिला. "आयक रे झिला. आमच्या गावात तिन्हीसांजेक मासे घेवन येणाऱ्याच्या पाठी भूत लागता. 'माका दी, माका दी' करता. माझ्या आज्याच्या पाठी लागला होता. पण चूल पेटवन, मासे भाजून, दमान इल्लेल्या माणसांका 'जेवा रे' म्हणणारा भूत? खंय बघितलंस तू? भूत मागता. वाढणा नाय. वाढता तो जितो आसता."

सर मोठ्याने हसले, आम्ही सगळ्याच हसलो. पण माझ्या मनात ते वाक्य खोल गेलं. पुढे मी या विषयावर जाडजाड पुस्तकं वाचली. आता दर वर्षी दृढीकरणाच्या मुलांना शिकवते आणि ती मुलं माझं बोलणं संपायच्या आत फोनवर शोधून काढतात की अमुक विद्वान तसं मानत नाही. मानू नका म्हणावं. काकूंच्या तोडीचा मुद्दा मला अजून एकाही विद्वानाकडे सापडलेला नाही.

हसणं थांबलं तेव्हा सर ताटाकडे बघत होते. मग खाली बघूनच म्हणाले, "मी वाट बघून बघितली आहे, मावशी."

"कोणाची?"

"आईची. अकरा वर्षांचा होतो. रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवलं होतं, विश्वास ठेवणारे उठतील. येशू तिसऱ्या दिवशी उठला. मला वाटलं, सगळ्यांचंच तिसऱ्या दिवशी. मी शाळा बुडवून कबरस्तानात जाऊन बसलो. डब्यात तिच्यासाठी पोळी नेली होती, भूक लागली असेल म्हणून. संध्याकाळी तिथल्या माळ्याने मला घरी आणून सोडलं."

काकूंनी डोळ्याला पदर लावला.

"पोळी?" आईने हळूच विचारलं.

"मीच खाल्ली. वाटेत."

आई पळी खाली ठेवून सतरंजीवर त्यांच्याजवळ बसली. तोपर्यंत ती उभीच होती. "सर," ती म्हणाली, "तुम्हाला तारीख चुकीची सांगितली गेली. एवढंच झालं. केस निकाली निघालेली नाही. मलाही तारीख मिळालेली नाही. नऊ वर्षं झाली. दर ईस्टरला पहाटे कबरस्तानात उपासना असते, तेव्हा हिच्या बाबांच्या मातीशी उभी राहून मी विचारते, कधी? उत्तर येत नाही. पण आमच्यातला एक जण उठून पुढे गेलाय, त्याच्या भरवशावर उभी आहे. तो उठला नसेल तर मी नऊ वर्षं वेडी आहे. विचार उठले, शिकवण उठली, ते ठीक आहे हो. पण मला विचार नकोत. मला माणूस परत हवाय, हातापायांचा. नुसत्या चांगल्या माणसाने माझं भागत नाही, सर. चांगला माणूस मी एक पुरलाय."

मी आईला बाबांबद्दल इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, तिचा विश्वास म्हणजे सवय आहे, रविवारच्या मटणासारखी. ती इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून कोणाची तरी वाट बघत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आणि सरांचं न मानणंही किती महागाचं होतं! त्यांनी ते कबरस्तानात दिवसभर बसून मिळवलेलं होतं. माझं न मानणं तेवढं वहीतून उतरवलेलं निघालं, खाली दोन रेघा मारून.

सर जायला निघाले तेव्हा शर्ट वाळला नव्हता. ते खाकी शर्टातच गेले. जिन्यात तळमजल्याच्या आजोबांनी त्यांना विचारलं, "लिफ्ट बसवतायत का हो आपल्याकडे?"

सर बदलले नाहीत. ते खोटं लिहिणार नाही. महिन्याभरात त्यांनी अभ्यासवर्ग सोडला, पुढे नोकरीसाठी गुजरातेत गेले. खूप वर्षांनी एकदा नाहूरच्या बाजारात भेटले, केस पांढरे, हातात दुधी. "अजून मानतेस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "बरं आहे," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मग जरा थांबून म्हणाले, "मी अजून अधूनमधून आईच्या कबरीवर जातो. का ते मला विचारू नकोस." मी विचारलं नाही.

त्या रविवारनंतर आठवडा गेला. मग एका सकाळी, आई दूध तापवत असताना, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलं, "आई, तुला कधी शंका येते?"

"रोज," ती म्हणाली. "साधारण याच वेळेला. मग दूध वर येतं, नाहीतर तू हाक मारतेस, आणि राहून जातं."

"मग मानायचं कसं?"

"अगं, शंका म्हणजे उलटतपासणी. तिला खोटा साक्षीदार घाबरतो. तू विचार काय विचारायचं ते. तो उभा राहील." आणि तिने गॅस बंद केला.

मी विचारलं, खूप विचारलं. पाळकसाहेबांचा जीव नकोसा केला. आणि दृढीकरणाच्या दिवशी पांढरी साडी नेसून, आठ मुलामुलींच्या रांगेत तिसरी उभी राहिले. आई पुढच्या बाकावर होती. तिच्या शेजारी परब काकू, जरीकाठी साडी, नाकात नथ, केसात अबोलीचा वळेसर. सबंध देवळात त्यांच्याइतकं नटलेलं कोणी नव्हतं. बिशपसाहेब वृद्ध होते, कानाने कमी. ते एकेकासमोर थांबून विचारत होते. माझ्यासमोर आले. येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे, तो आपल्यासाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी खरोखर उठला, हे तू मनापासून मानतेस का?

मी ओठ उघडले, आणि आवाज फुटायच्या आत पुढच्या बाकावरून खणखणीत उत्तर आलं.

"मानता तर! विचारतास काय?"

सगळं देऊळ हसलं. आईने कपाळाला हात लावला. हे मात्र बिशपसाहेबांना नीट ऐकू गेलं होतं. ते काकूंकडे वळून नम्रपणे म्हणाले, "बाई, आपला विश्वास मोठा आहे. पण हिला बोलू द्या."

हसणं विरलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याजवळ आता सरांचं वाक्य नव्हतं आणि आईचंही नव्हतं.

"मानते," मी म्हणाले.

बिशपसाहेबांनी कानामागे हात धरला. "काय? मोठ्याने सांग, मुली."

मग मी मोठ्याने सांगितलं.